हळदीकुंकू लागलेला डॉलर : पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी पैशाची तयारी

बँकॉकला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या मामीने शंभर डॉलरची नोट देव्हाऱ्यात ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग ती पर्समध्ये घातली. नवी गाडी आली की करतो, वहीपूजनाला करतो, तेच. तिसऱ्या दिवशी बँकॉकच्या मनी चेंजरकडच्या मुलीने ती नोट दिव्याखाली धरली, नखाने कुंकवाचा ठिपका दाखवला आणि काचेखालून परत सरकवली. मामी सरळ मराठीत म्हणाली, "अगं, अंबाबाईचं कुंकू आहे ते." मुलगी गोड हसली. नोट काही घेतली नाही.

तेव्हापासून आमच्या पेठेत कुणी दुबई, थायलंड, व्हिएतनाम असं म्हटलं की मला फोन येतो, "पैसे कसे न्यायचे गं?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते. यातलं बहुतेक काम कोल्हापुरातच उरकायचं असतं. विमानात बसल्यावर हातात फार थोडं उरतं.

पहिलं काम : आपलं खातं आणि कार्ड तपासा

आपल्याकडे पैसा कुठे कुठे असतो? थोडा सहकारी बँकेत, थोडा पतसंस्थेत, थोडा सोन्यात, आणि थोडा उसाच्या बिलाच्या रूपात कारखान्याकडे अडकलेला. पतसंस्थेच्या पासबुकावर सिंगापूरला चहासुद्धा मिळत नाही. म्हणून सहलीचे पैसे महिनाभर आधी अशा बँकेच्या खात्यात आणून ठेवा, जिचं कार्ड परदेशात चालतं.

कार्ड काढून बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर बरं. रुपे असेल तर ते 'इंटरनॅशनल' आहे का ते बँकेत विचारा. साधं रुपे कार्ड देशाबाहेर बहुतेक ठिकाणी चालत नाही. इंटरनॅशनल रुपे चालतं, पण डिस्कव्हर, डायनर्स किंवा जेसीबीची कार्डं जिथे घेतात तिथेच. नुसत्या रुपेच्या भरवशावर जाऊ नका.

आता सगळ्यांची फजिती होते ती जागा. कार्डावर 'इंटरनॅशनल' छापलेलं आहे म्हणजे ते बाहेर चालेल, असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं सुरू असतं. परदेशी व्यवहार आपणच चालू करायचे असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'मॅनेज कार्ड' किंवा तसल्याच नावाखाली बटणं असतात : एटीएमचं वेगळं, दुकानातल्या मशीनचं वेगळं, ऑनलाइनचं वेगळं. दुकान आणि एटीएम चालू करा. ऑनलाइन गरज असेल तरच. रोजची मर्यादा स्वतः ठरवा, उगाच पाच लाख ठेवू नका. आणि पिन आठवतोय का ते इथल्याच एटीएमवर शंभर रुपये काढून बघा. आमच्या मामांना पिन आठवत नव्हता, कारण गेली चार वर्षं ते सगळं फोनपेवरच देत होते.

मोबाइलचंही तेच. बँकेला जो नंबर दिलाय तेच सिम फोनमध्ये राहू द्या आणि निघण्याआधी त्यावर रोमिंग चालू करून घ्या. तिथलं स्वस्त सिम घेऊन आपलं काढून ठेवलंत, तर ओटीपी कोल्हापूरच्या कपाटात वाजत बसेल.

दुसरं काम : रोख किती, कार्डावर किती

कायद्याने सर्वसाधारण देशांना जाताना एका सहलीसाठी माणशी ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा घेता येतात, बाकीचे कार्डावर. वर्षभरात, म्हणजे एप्रिल ते मार्च, सगळं मिळून माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पाच रात्रींच्या सहलीला निघालेल्या माणसाने या आकड्याची काळजी करू नये. ती करायची तर फौंड्रीवाल्यांनी मशिनरी बघायला जर्मनीला जाताना करावी.

माझा हिशोब असा. हॉटेल आणि विमानाचे पैसे आधीच भरले असतील, तर दोघांना थायलंडसाठी साधारण ४०० डॉलर रोख, तेवढेच फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, त्याबद्दल पुढे सांगते), आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड. दुबई-सिंगापूरला रोख कमी चालते, कार्ड जास्त. व्हिएतनाम, इंडोनेशियात उलट. जर्मनीत मात्र लोकांना वाटतं की सगळं कार्डावर होईल, आणि मग हायवेवरच्या स्वच्छतागृहाच्या फिरत्या दांड्यापुढे एक युरोचं नाणं शोधत उभं राहावं लागतं.

तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवा. रोख एकाच्या पाउचमध्ये, फॉरेक्स कार्ड दुसऱ्याच्या, क्रेडिट कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. नवरा-बायको जात असाल तर सगळं नवऱ्याच्या पँटच्या मागच्या खिशात ठेवायची पद्धत या एका सहलीपुरती तरी बंद करा.

आपले रुपये? २५,००० पर्यंत जाता-येता जवळ ठेवायला परवानगी आहे. दोन-तीन हजार पुरेत. मुंबईला उतरल्यावर टॅक्सी, वडापाव आणि कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्सला लागतात तेवढेच.

तिसरं काम : डॉलर विकत घेणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे जातात ते इथेच.

आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून परदेशी विमान सुटत नाही. आपण रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो, नाहीतर पुणे, नाहीतर गोव्याचं मोपा. घाईत सगळे म्हणतात, "एअरपोर्टवर घेऊ की." ते करू नका. विमानतळावरच्या काउंटरला ठाऊक असतं की तुमच्यापुढे दुसरं दुकान नाही, आणि भाव त्या हिशोबाने लागतो. शाहूपुरी, राजारामपुरी भागात बँकांच्या मोठ्या शाखा आणि परवानाधारक मनी चेंजर बघा, आणि हे निघायच्या आठवडाभर आधी करा. बँकेच्या प्रत्येक शाखेत परकीय नोटा नसतात. मागवायला दोन-तीन दिवस लागतात. शनिवार-रविवार टाळा. बाजार बंद असतो, म्हणून दुकानदार भाव थोडा चढवूनच सांगतो.

आपण गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं घ्यायला जातो तेव्हा काय करतो? तीन दुकानं फिरतो. भाव वेगळा विचारतो, मजुरी वेगळी विचारतो, आणि शेवटी "सगळं मिळून किती?" हा एकच प्रश्न करतो. डॉलर घेतानाही तोच प्रश्न. फक्त इथे मजुरीचं नाव कमिशन आहे, आणि काही जण 'झिरो कमिशन'ची पाटी लावून ती भावातच मिसळतात.

उदाहरण घेऊ. समजा आज बाजारभाव ९० रुपये आहे आणि तुम्हाला १,००० डॉलर हवेत. पहिला म्हणतो, झिरो कमिशन, भाव ९१.२० : झाले ९१,२००. दुसरा म्हणतो, भाव ९०.६०, वर २५० रुपये सर्व्हिस चार्ज. ऐकायला पहिला गोड वाटतो. पण दुसऱ्याचे ९०,६०० अधिक २५० म्हणजे ९०,८५० होतात. आता जीएसटी. लाख रुपयांपर्यंतच्या नोटांवर रकमेचा १ टक्का धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे दोघांकडेही साधारण १६४ रुपये. दुसऱ्याच्या सर्व्हिस चार्जवर आणखी ४५. शेवटी पहिल्याकडे सुमारे ९१,३६४, दुसऱ्याकडे सुमारे ९१,०५९. तीनशे रुपयांचा फरक. दोघांचं मिसळीचं बिल निघतं, वर कटसुद्धा.

म्हणून काउंटरवर जाऊन एवढंच म्हणा : "हजार डॉलर हातात पडायला सगळं मिळून किती?" घासाघीस होते. लाज वाटून घेऊ नका.

कागदपत्रं : पासपोर्ट, व्हिसा लागत असेल तर तो, परतीचं तिकीट आणि पॅन. पॅनशिवाय काम होत नाही. ए-२ नावाचा फॉर्म भरून सही घेतात. पैसे देताना ५०,००० रुपयांपर्यंतच रोख चालतात. त्यावर गेलं की चेक, ट्रान्सफर किंवा कार्ड. "गूळ विकून आलोय, सगळे रोखच घ्या" हे चालत नाही.

ओळखीचा माणूस बिलाशिवाय डॉलर देतो म्हणाला तर हात जोडा. परवाना नसलेल्याकडून घेणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, आणि दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय नोट खोटी निघाली तर तक्रार कुणाकडे करणार? बिल घ्या आणि परत येईपर्यंत जपून ठेवा.

नोटा हातात आल्या की काउंटरवरच एकेक बघा. फाटकी, चिकटवलेली, पेनाने लिहिलेली, शिक्का मारलेली नको. डॉलरच्या जुन्या छोट्या चेहऱ्याच्या नोटा परत करा, नव्या मागा. आग्नेय आशियात बऱ्याच ठिकाणी शंभरच्या नोटेला पाच-दहाच्या नोटेपेक्षा चांगला भाव देतात, म्हणून मोठ्या नोटा जास्त आणि सुट्टे थोडेच. युरो घेणार असाल तर पाचशेची नोट घेऊ नका. ती २०१९ पासून काढतच नाहीत आणि दुकानदार घ्यायला कचरतात. आणि हळदीकुंकू पासपोर्टच्या कव्हरला लावा. नोटेला नाही.

डॉलर घ्यावेत की थेट त्या देशाचं चलन? युरो, पौंड, दिरहॅम इथूनच घ्या. थाई बातचे दोन्ही हिशोब विचारा : इथूनच बात घेतले तर किती, आणि डॉलर नेऊन तिथे मोडले तर किती. व्हिएतनामचे डोंग आणि इंडोनेशियाचे रुपय्या इथे शोधत बसू नका, डॉलर न्या आणि तिथे मोडा.

आता टीसीएसबद्दल थोडक्यात, म्हणजे चलन किंवा टूर विकणारा आपल्याकडून आधीच कापून सरकारकडे भरतो त्या आयकराबद्दल. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत परकीय चलन घेतलंत तर सहलीच्या कारणासाठी तो कापत नाहीत (१ एप्रिल २०२५ आधी ही रेषा ७ लाखांवर होती). टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलंत, तर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. दर बजेटात बदलतात, बिलावर बघा. हा पैसा बुडत नाही. तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. मामांनी तो खर्चातच धरला होता आणि रिटर्नमध्ये दाखवला नव्हता. सीएकडे दुसऱ्यांदा जावं लागलं.

फॉरेक्स कार्ड

यात डॉलर, युरो, बात वगैरे आधीच भरून ठेवता येतात, म्हणजे भरलेल्या दिवशीचा भाव पक्का होतो. सहलीत रुपया घसरला तरी तुमचा चहा महाग होत नाही. चूक एकच होते : कार्डावर डॉलर भरायचे आणि दुबईत दिरहॅममध्ये खर्च करायचा. मग चलन बदलायचा वेगळा आकार लागतो. ज्या देशाला जाताय त्याच चलनात भरा.

साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरलंत तर बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे भावावर चढवलेला आकार, लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांचे प्रत्यक्षात ४.१३ होतात. हा आकडा बँकेला आधी विचारून घ्या. मार्कअप न लावणारी कार्डंही आहेत. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र कधीच काढू नका. शुल्क वेगळं लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

हॉटेल डिपॉझिट म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. ती फॉरेक्स कार्डावर अडकली, तर सुटेपर्यंत तुम्ही घरी पोहोचलेले असता. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या.

तिथे उतरल्यावर

विमानतळावर टॅक्सी आणि पाण्यापुरते पैसे मोडा. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळचे काउंटर सोडा आणि तळमजल्याखाली, शहरात जाणारी रेल्वे सुटते त्या मजल्यावर उतरा. तिथल्या मनी चेंजरचा भाव वरच्यापेक्षा बरा असतो. पायऱ्या उतरायला पाच मिनिटं लागतात.

आता कार्ड मशीन. हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जेवण झालं, वेटरने मशीन आणलं, मामांनी कार्ड घातलं. पडद्यावर दोन ओळी आल्या : वर २,००० बात, खाली रुपयांचा आकडा. मामा खूश! "बघ, आपले रुपये दाखवतंय," म्हणत त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथेच पैसे गेले.

रुपयांचा तो आकडा आपल्या बँकेचा नसतो. तिथल्या मशीनवाल्याने आपला भाव लावून काढलेला असतो. समजा बाजारभावाने २,००० बात म्हणजे ५,४०० रुपये, तर मशीन ५,७०० च्या पुढे दाखवणार. बातमध्ये दिले असते तर २ टक्के मार्कअप आणि जीएसटी धरून साधारण ५,५२७ गेले असते. रुपये निवडल्यावरही बऱ्याच बँका आपलं शुल्क वर लावतातच, म्हणजे दोन्हीकडून कात्री. वेटर घाई करत असेल तर मशीन स्वतःच्या हातात घ्या, आणि नेहमी त्या देशाचंच चलन निवडा. त्याने न विचारता रुपये दाबले असतील तर सही करण्याआधी रद्द करून पुन्हा करायला सांगा.

एटीएमवर हाच प्रश्न जरा फसव्या शब्दांत येतो. 'कन्व्हर्जन स्वीकारा' आणि 'कन्व्हर्जन नाकारा'. नाकारा म्हटलं की व्यवहारच बंद पडेल अशी भीती वाटते, म्हणून लोक स्वीकारा दाबतात. बंद पडत नाही. नाकारा दाबा, पैसे येतात, फक्त भाव तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा लागतो.

थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एटीएम दरवेळी साधारण २२० बात शुल्क घेतं, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. हजार बात काढायला २२० दिले म्हणजे २२ टक्के. खासगी सावकारही लाजेल. काढायचे तर एकदाच आणि मोठी रक्कम. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात, तिथे बँक शोधत फिरू नका.

व्हिएतनामला एक जपा. तिथली २०,००० डोंगची नोट निळी, आणि ५,००,००० ची पण निळसरच. फरक पंचवीस पटींचा. संध्याकाळच्या बाजारात, मिणमिणत्या उजेडात नारळपाणी घेताना पाच लाखांची नोट सहज निघून जाते. पाकिटात दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

फोनपे, गुगलपे चालतं का?

काही ठिकाणी. नेपाळ, भूतान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, कतार आणि फ्रान्स इथे ठरावीक दुकानांत यूपीआय घेतात. आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. अ‍ॅपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' आपल्या खात्यासाठी चालू करावं लागतं, तेही निघण्याआधीच करून ठेवा. थायलंडमध्ये दुकानोदुकानी क्यूआर लटकलेला दिसेल. तो तिथल्या प्रॉम्प्टपेचा. आपल्या फोनपेशी त्याची ओळख असेलच असं नाही. यूपीआय जमेस धरू नका, चाललं तर बोनस.

कार्ड हरवलं तर

आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला फोन. १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नाहीत. +९१ ने सुरू होणारा नंबर बँकेकडून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. फोनसुद्धा हरवू शकतो म्हणून कागदावर. तुमची चूक नसताना कुणी तिसऱ्याने पैसे काढले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास तुमच्यावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. सहल संपू द्या, मग बघू, असं करू नका.

परत आल्यावर

नाणी मनी चेंजर घेत नाहीत. ती परतीच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीत आणि बिस्किटात संपवा. घरी येऊन अ‍ॅपमधली परदेशी बटणं बंद करा. फॉरेक्स कार्डावर उरलेले पैसे रुपयांत वळवून घ्या, नाहीतर कार्ड पडून राहिलं म्हणून काही बँका त्यातून शुल्क कापत राहतात.

उरलेल्या नोटा आल्यापासून १८० दिवसांत विकायच्या असतात. तेव्हा खरेदीचं बिल कामी येतं. मात्र २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या सहलीसाठी घरी ठेवायला मुभा आहे. मामीची ती शंभरची नोट त्यात बसते. इथल्या मनी चेंजरनेही ती घेतली नाही. मामीने ती परत देव्हाऱ्यात ठेवली आहे, आणि दसऱ्याला पुन्हा कुंकू लागलं.